पार्व्हो : पिल्लांच्या हगवणीचा इतिहास

इतिहासाच्या तासाला साथींचा विषय निघाला की मुलं एरवीपेक्षा जास्त लक्ष देत. १८९७ चा पुण्याचा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा, देवी, पटकी... प्रत्येकाने घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून काहीतरी ऐकलेलं असायचंच. पण एक साथ अशी आहे की जी आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत जन्माला आली, दोन-तीन वर्षांत जगभर पसरली, आणि तरीही क्रमिक पुस्तकात तिला कधी जागा मिळाली नाही. कारण ती माणसांची नव्हती, कुत्र्यांची होती. तिचं नाव पार्व्हो.

आज हे लिहायला कारण झाली आमच्या इमारतीतली एक मुलगी. तिच्या घरी नुकतंच दोन महिन्यांचं पॉमेरेनियन पिल्लू आलंय. लसींचा खर्च ऐकून तिच्या आजी म्हणाल्या, "आमच्या वाड्यात नेहमी कुत्री असायची. कुणी लसी टोचल्या होत्या? पोट बिघडलं की एक दिवस उपाशी ठेवायचं, दुसऱ्या दिवशी ताकभात. आपोआप बरी व्हायची." मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, आजीचं खरं आहे का हो?"

खरं आहे. आणि तिथेच तर धोका आहे! आजींची आठवण ज्या काळातली आहे, त्या काळात हा रोग जगात नव्हताच.

आता थोडा इतिहास. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांकडे विचित्र आजाराची कुत्री येऊ लागली. उलट्या, मग रक्ताचे दुर्गंधीयुक्त जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू. काही ठिकाणी तर काही आठवड्यांची, दिसायला धडधाकट पिल्लं हृदय बंद पडून अचानक मरत. युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया... त्याच सुमाराला सगळीकडून अशाच बातम्या. कुत्र्यांच्या शरीराला या शत्रूची ओळखच नव्हती, त्यामुळे लहान-मोठी सगळीच कुत्री सापडली.

विष्ठेचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर अतिशय बारीक, गोल कण दिसले. आकार मिलिमीटरच्या चाळीस हजाराव्या भागाएवढा. लॅटिन भाषेत 'पार्व्हुस' म्हणजे लहान, त्यावरून या विषाणूंच्या कुळाला पार्व्हो म्हणतात. या कुळातला एक सौम्य विषाणू कुत्र्यांमध्ये १९६७ सालीच सापडला होता, म्हणून या नव्या पाहुण्याला 'दोन नंबर' मिळाला.

याचा छडा लावण्यात अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातले संशोधक आघाडीवर होते. मॅक्स ॲपेल आणि लेलँड कारमायकेल हे कुत्र्यांच्या रोगांचे जाणकार, तर त्यांचे सहकारी फ्रेड स्कॉट हे मांजरांच्या रोगांचे. या तिघांचा शोधनिबंध १९७९ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्यांच्या रोगात मांजरांच्या तज्ज्ञाचं काय काम, असं वाटेल. पण नवा विषाणू मांजरांच्या एका जुन्या विषाणूचा सख्खा नातेवाईक निघाला! मांजर किंवा तशाच एखाद्या रानटी मांसाहारी प्राण्यातल्या विषाणूच्या बाह्य आवरणात मोजके बदल झाले आणि कुत्र्याच्या पेशीचं कुलूप उघडणारी किल्ली त्याच्या हाती लागली. नात्याचा फायदाही झाला. कुत्र्यांची लस तयार होईपर्यंत मांजरांची लस टोचून कितीतरी कुत्री वाचवली गेली. नंतर कारमायकेल आणि सहकाऱ्यांनी खास कुत्र्यांसाठी लस तयार केली.

इतिहासाच्या माणसाला सगळ्यात आवडेल असा भाग पुढे आहे. हा रोग खरोखर नवा की आधी कुणाच्या लक्षात आला नव्हता, हे ठरवायचं कसं? शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळांच्या शीतपेट्यांत जपून ठेवलेले कुत्र्यांच्या रक्ताचे जुने नमुने बाहेर काढले. आपण जुनी दफ्तरं तपासतो ना, तसंच. युरोपातल्या नमुन्यांत १९७० च्या दशकाच्या मध्यापासून या विषाणूच्या खुणा मिळाल्या. त्याआधी कुठेच नाहीत. म्हणजे रोगाची जन्मतारीख जवळजवळ हाती आली.

तो इतक्या झपाट्याने पसरला कसा? आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून विषाणू अब्जावधींच्या संख्येने बाहेर पडतो आणि जमिनीवर, सावलीत, महिनोन् महिने जिवंत राहतो. बुटाच्या तळव्याला, गाडीच्या चाकाला चिकटून प्रवास करतो. अमेरिकेत सुपीरियर सरोवरात आयल रॉयल नावाचं बेट आहे. तिथल्या लांडग्यांचा अभ्यास १९५८ पासून चालू आहे. बेटावर कुत्री न्यायला बंदी. तरीही पार्व्हो पोचलाच. १९८० साली तिथे ५० लांडगे होते, १९८२ साली उरले १४!

आपल्या देशातली नोंदही त्याच काळातली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासहून पहिली वृत्तं आली. विषाणूने पुढे रूपंही बदलली. १९७९-८० च्या सुमाराला एक, १९८४ च्या आसपास दुसरं, २००० साली इटलीत तिसरं. सुदैवाने लस या सगळ्यांवर चालते.

आता आजींच्या ताकभाताकडे वळू. पूर्वी कुत्र्याचं पोट बिघडायचं ते शिळंपाकं खाऊन किंवा जंत होऊन. एक दिवस लंघन केलं की बहुतेक वेळा भागायचं. ते शहाणपण अनुभवातून आलेलं होतं, आणि मोठ्या, धडधाकट कुत्र्याच्या किरकोळ बिघाडात आजही चालून जातं. पण पार्व्हो हा पोटाचा बिघाड नव्हे. जिथे नव्या पेशी वेगाने तयार होतात तिथे हा विषाणू घुसतो. आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज, या त्याच्या दोन मुख्य जागा. अस्तर गळून पडलं की पाणी आणि रक्त बाहेर जातं आणि आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. त्याच वेळी मगजावर घाला पडल्याने त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. दोन्ही दारं एकदम उघडी!

त्यातून दीड-दोन किलोचं पिल्लू. त्याच्या शरीरात पाणी ते किती, आणि साखरेचा साठा तरी किती? मोठं कुत्रं जे दोन दिवस सोसेल ते इवल्या पिल्लाला काही तासांत संपवतं. "उद्या बघू" हे वाक्य इथे फार महाग पडतं.

ओळखायचं कसं? हगवणीची वाट बघू नये, ही पहिली गोष्ट. विषाणू शरीरात गेल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत पिल्लू आधी नुसतं गप्प होतं. खेळत नाही, कोपऱ्यात पडून राहतं, आवडीच्या खाण्याकडेही बघत नाही. मग उलट्या, आणि त्यानंतर जुलाब, बहुधा रक्ताचे. ताप असेलच असं नाही, उलट अंग गारही पडतं. हिरड्यांना हात लावून बघावा. ओलसर गुलाबी असतील तर ठीक, पण कोरड्या, चिकट किंवा फिकट असतील तर वेळ थोडा आहे. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर जायला हवी. यातलं काही बिघडलेलं दिसलं तर थेट पशुवैद्याकडे जावं. विष्ठेची तपासणी काही मिनिटांत होते. रक्ताचा प्रत्येक जुलाब पार्व्होचा नसतो. जंत, गिळलेली वस्तू, आतड्यात आतडं अडकणं, ही कारणंही असतात. लहान जातींच्या मोठ्या कुत्र्यांना अचानक रक्ती जुलाबाचा एक वेगळा आजारही होतो. पण यातलं काहीच घरी थांबण्यासारखं नाही. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत.

उपचाराविना बहुतेक पिल्लं जातात. वेळेवर सलाइन, उलटीवरचं औषध आणि प्रतिजैविकं मिळाली तर बहुतेक वाचतात. इतका फरक! उपाशी ठेवण्याची जुनी रीतही आता मागे पडली आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या पिल्लांना नळीने लवकर अन्न सुरू केलं ती लवकर सावरली असं दिसलं. २०२३ मध्ये अमेरिकेत या विषाणूवर थेट चाल करणाऱ्या प्रतिपिंडांच्या इंजेक्शनाला सशर्त मान्यता मिळाली. पण या सगळ्याहून स्वस्त आणि खात्रीची गोष्ट म्हणजे लस.

एक शंका नेहमी येते, लस घेतलेलं पिल्लू आजारी कसं पडलं? आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण सहाव्या ते सोळाव्या आठवड्याच्या दरम्यान केव्हातरी ओसरतं. ते असेपर्यंत लसही निष्प्रभ ठरू शकते. ते नेमकं कधी संपेल हे बाहेरून कळत नाही, म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत मात्रा द्यायच्या असतात. एकच टोचून थांबणं म्हणजे पावसाळ्यात अर्धंच छप्पर शाकारणं. मात्रा पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत, अनोळखी कुत्र्यांत सोडू नये. घरात हा रोग होऊन गेला असेल तर आधी सगळं स्वच्छ धुऊन, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी घेऊन जागा पुसावी. नुसत्या साबणाने तो मरत नाही.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, आजींचा अनुभव खोटा नाही, पण तो १९७८ च्या आधीचा आहे. तुमच्या घरी पिल्लू असेल तर आज त्याचं लसीकरणाचं कार्ड शोधा आणि पुढची तारीख बघा. तारीख उलटून गेली असेल तर उद्यावर टाकू नका.