गाणं बंद करण्याआधी

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. माझी पोरगी दहावीला होती. भांडी घासता घासता मोबाईलवर गाणं लावलेलं. ढणढण आवाज, आणि गाणारा गातोय की भांडतोय तेच कळेना. मी मोबाईल हिसकून घेतला. म्हटलं, "चर्चमध्ये गाणारी पोरगी तू, अन् हे ऐकते?" ती म्हणाली, "आई, तू ऐकून तं पाय आधी." मी ऐकलं नाही. त्या दिवसापासून ती इअरफोन लावून बसायला लागली. गाणं चालूच राहिलं, आमचं बोलणं मात्र बंद पडलं.

आमचं घर ख्रिस्ती, खामगावचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अलायन्स मिशनचे लोक वऱ्हाडात आले, तेव्हापासून आपल्या भागात ही मंडळी आहे. दर रविवारी आम्ही 'उपासना संगीत' उघडून गातो. ती गाणी मला इतकी आपली वाटतात, की ती कधीकाळी नवी होती हे माझ्या ध्यानातच नव्हतं. पोरीशी भांडण झाल्यावर मी त्यांचा इतिहास शोधला. तोच आज तुम्हाला सांगते.

अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत आले आणि 1831 मध्ये अहमदनगरला त्यांचं काम सुरू झालं. सुरुवातीची पुष्कळ गाणी म्हणजे इंग्रजी गीतांची भाषांतरं. चालीही समुद्रापलीकडच्या. शब्द मराठी, पण जिभेवर बसेनात. ज्या बाईने जात्यावर ओवी म्हटली, तिला ती चाल परकीच वाटणार. मग 1860 च्या दशकात नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पण देवळातलं कीर्तन चर्चच्या कामात कशाला, असा संकोच पुष्कळांच्या मनात होता.

पुढे आले नारायण वामन टिळक. जन्म 1861 चा, बाप्तिस्मा 1895 चा. संतांचे अभंग त्यांच्या रक्तात होते. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत. त्यांनी अभंगाच्या, भजनाच्या वळणाची शेकडो गीतं लिहिली. आज मराठी चर्चमध्ये म्हातारी माणसं डोळे मिटून जी गाणी म्हणतात, त्यांतली कितीतरी टिळकांची आहेत. म्हणजे एका पिढीला जी चाल चर्चमध्ये नको वाटत होती, ती पुढच्या पिढीची प्रार्थना झाली.

चर्चमधून बाहेर गेलेलं संगीतही आहे. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये पोरांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवत. त्यांतले कितीतरी मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवू लागले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात त्यांचं नाव आहे, ती शिष्याने गुरूला दिलेली आठवण. तेव्हा सिनेमाचं गाणं आणि चर्च यांच्यात आपण समजतो तेवढी उंच भिंत नाही.

आता बंदीचं ऐका. 1952 साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची आवड बिघडते असं त्यांचं मत, म्हणून आकाशवाणीवर ती गाणी जवळजवळ बंदच झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि घराघरांत पोचली. शेवटी 1957 मध्ये आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली. सरकारला जे जमलं नाही, ते मला मोबाईल हिसकून कसं जमणार होतं?

मग काय, पोरं ऐकतील ते ऐकू द्यायचं? नाही. काही गाणी खरंच वाईट असतात. बाईला माल म्हणतात, दारूला मर्दानगी म्हणतात. बायबलमध्ये पौलाच्या पत्रात सल्ला आहे, की सगळं पारखून घ्यावं आणि चांगलं असेल ते राखावं. पारखायचं म्हणजे आधी हातात घ्यावं लागतं. आपण तूर सुपात घेऊनच पाखडतो ना? पोतं न उघडता फेकत नाही.

एका रविवारी मी पोरीला म्हटलं, "लाव तुझं गाणं." दोघींनी मिळून ऐकलं. शब्द नीट कळावेत म्हणून दोनदा लावलं. ते गाणं गरिबीतून शहरात गेलेल्या पोराचं होतं. मला त्यातली एक शिवी खटकली, तसं मी सांगितलं. मग विचारलं, "यात बाईबद्दल काय म्हटलंय? ऐकून झाल्यावर मन कसं होतं? धाकट्या भावासमोर म्हणशील?" तिने दोन प्रश्नांची उत्तरं दिली, तिसऱ्याला गप्प बसली. मग तिनेच मला विचारलं, "अन् मावशीच्या हळदीला तू ज्या गाण्यावर नाचली, त्यात बाईबद्दल काय म्हटलंय?"

मैत्रिणींनो, मला उत्तर देता आलं नाही. ते गाणं मी वीस वर्षं ऐकत होते, शब्दांकडे लक्षच नव्हतं.

आता आमच्यात ठरलंय. आठवड्यातून एक गाणं तिचं, एक माझं. तिन्ही प्रश्न दोघींनाही. तुम्ही हिंदू असा, बौद्ध असा, मुसलमान असा, गाण्याची कटकट प्रत्येक घरात आहे. बचत गटाच्या पुढच्या बैठकीला एकेकीने आपल्या पोरापोरीचं आवडतं गाणं ऐकून यावं आणि त्यात काय म्हटलंय ते सांगावं. ऐकून मात्र यावं, नुसतं नाव सांगू नये.