मूठभर मातीतलं औषध

१९९०च्या सुमाराची गोष्ट. आमच्या शेजारी दोन कुत्रे होते. एक राजा, लांब नाकाचा, मानेभोवती पांढरी झालर असलेला कोली. दुसरा मोती, अस्सल गावठी. दोघांनाही खरूज झाली. कुणीतरी सांगितलं, गाईम्हशींना टोचतात ते आयव्हरमेक्टिन द्या, एका सुईत काम होतं. शेजाऱ्यांनी बाटली आणली आणि दोघांनाही अंदाजाने टोचलं. दुसऱ्या दिवशी मोती शेपूट हलवत भाकरी खात होता. राजा मात्र रात्रीच झोकांड्या खायला लागला. तोंडातून लाळ, डोळे उघडे पण दिसत काहीच नाही, आणि सकाळी तर बेशुद्ध. डॉक्टर आले, सलाइन लावलं. म्हणाले, यावर उतारा असा नाही, आता वाट बघायची. पंधरवडाभर वाट बघितली.

बाटली एकच, मग एक कुत्रा ठणठणीत आणि दुसरा मरणाच्या दारात, असं का? डॉक्टरांकडेही उत्तर नव्हतं. कोली या औषधाने आजारी पडतात, हे अमेरिकेत १९८०च्या दशकातच लक्षात आलं होतं. कारण मात्र तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे औषध आलं जपानमधून. सातोशी ओमुरा हे किटासातो इन्स्टिट्यूटचे शास्त्रज्ञ. जिथे जातील तिथली माती गोळा करायची, हा त्यांचा नाद. त्यासाठी पाकिटात प्लास्टिकची छोटी पिशवी कायम असायची. १९७०च्या दशकात इतो शहरातल्या कावाना इथल्या गोल्फच्या मैदानाजवळून त्यांनी माती उचलली. तिच्यातला एक जीवाणू त्यांनी इतर नमुन्यांबरोबर अमेरिकेतल्या मर्क कंपनीकडे पाठवला. तिथे विल्यम कॅम्पबेल या मूळच्या आयरिश परजीवीतज्ज्ञाच्या गटाने जंत झालेल्या उंदरांवर तो तपासला आणि उंदरांचे जंत गेले. त्या द्रव्यात थोडा रासायनिक फेरफार करून आयव्हरमेक्टिन बनलं आणि १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं. पुढे आफ्रिकेतल्या ‘नदीकाठच्या अंधत्वा’वर ते माणसांनाही देऊ लागले. १९८७ मध्ये मर्कने त्यासाठी ते फुकट द्यायचं ठरवलं, आणि २०१५ मध्ये ओमुरा व कॅम्पबेल यांना नोबेल मिळालं. हा भाग आपण वर्तमानपत्रांतून वाचलेला आहे.

मला जास्त भावते ती अ‍ॅमस्टरडॅमची गोष्ट. तिथल्या कर्करोग संस्थेत आल्फ्रेड शिंकेल आणि त्यांचे सहकारी एक वेगळीच चौकशी करत होते. पेशीत शिरलेली परकी रसायनं उपसून बाहेर टाकणारं पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं एक प्रथिन असतं. विहिरीवरच्या मोटेसारखं म्हणा ना. त्याचा जनुक काढून टाकलेले उंदीर त्यांनी तयार केले. उंदीर दिसायला अगदी निरोगी, बिघाड कुठेच दिसेना. एवढ्यात उंदीरखान्यात माइट, म्हणजे खरजेच्या किड्यांसारखे बारीक किडे झाले. नेहमीचा उपाय म्हणून सगळ्या पिंजऱ्यांवर आयव्हरमेक्टिन फवारलं. साधे उंदीर जगले. ज्यांची ‘मोट’ काढून टाकली होती ते जवळजवळ सगळे मेले! माइट झाले नसते तर हे कळायला आणखी किती वर्षं लागली असती, देव जाणे. १९९४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. ते उंदीर या औषधाला नेहमीपेक्षा सुमारे शंभरपट हळवे निघाले.

याचा अर्थ काय? आयव्हरमेक्टिन जंतांच्या मज्जातंतूंमधली क्लोराइडची दारं उघडी ठेवतं आणि जंत लुळा पडतो. अगदी तशी दारं सस्तन प्राण्यांत नसतात. पण त्यांची चुलत भावंडं मेंदूत असतात. औषध मेंदूपर्यंत पोचत नाही ते या मोटेमुळे. ती रिकामी तर मेंदूच लुळा. २००१ मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या कॅट्रिना मीली यांच्या गटाने कोलींमध्ये नेमका हाच जनुक तुटलेला दाखवला; चारच अक्षरं गळालेली. अमेरिकेतल्या सुमारे ७० टक्के कोलींमध्ये हा दोष सापडतो. ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि शेल्टी यांच्यातही तो आहे, काही जर्मन शेफर्डमध्येसुद्धा.

आता हिशेब बघा. हृदयातला जंत होऊ नये म्हणून कुत्र्याला महिन्यातून एकदा किलोमागे ६ मायक्रोग्रॅम आयव्हरमेक्टिन देतात, आणि एवढं कोलीलाही सोसतं. (जंत आधीच झालेला नाही ना, याची रक्ततपासणी मात्र आधी करतात.) गुरांच्या इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याची ती महिन्याची मात्रा मिलिलिटरच्या जेमतेम शंभराव्या भागात मावते! सिरिंजवर ती मोजणार कशी? दोष असलेल्या कोलीला किलोमागे १०० मायक्रोग्रॅमच्या आसपासच विषबाधा होते. २० किलोच्या कुत्र्याला त्यासाठी ०.२ मिलिलिटर पुरे. शेजाऱ्यांच्या ‘अंदाजा’त कितीतरी जास्त गेलं असणार.

आणि पिसवांवर हे औषध फारसं चालतच नाही. तिथे दुसरी घराणी लागतात. त्यातलं परमेथ्रिन इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला मायकेल एलियट यांच्या गटाने १९७३ मध्ये तयार केलं, शेवंतीच्या जातकुळीतल्या फुलांतल्या विषाच्या धर्तीवर. कुत्र्यांच्या मानेवर लावायच्या काही थेंबांत ते असतं. मांजराच्या यकृताला मात्र ते नीट फोडता येत नाही. कुत्र्याचे थेंब मांजराला लावले, की मांजर थरथरतं, झटके येतात, कधी जातंही. मोठ्या कुत्र्याची नळी अर्धी करून मांजराला लावणारी भली माणसं मी पाहिली आहेत. आपल्या प्राण्याची जात आणि आजचं वजन डॉक्टरांना सांगून त्याच्याच नावाचं औषध घेतलं तर हे टळतं.

राजा सतराव्या दिवशी उठून भिंतीला टेकून उभा राहिला. त्याची दृष्टी हळूहळू परत आली. पुढे सिरिंज दिसली, की मोतीच आधी पलंगाखाली जायचा.