सोसायटीच्या नावावर

‘आमचं काही नाही हो, पण सोसायटीत चालत नाही.’ कुत्रं किंवा मांजर घेऊन नाशिकमध्ये भाड्याचं घर शोधणाऱ्याला हे वाक्य इंदिरानगरात ऐकावं लागतं, कॉलेज रोडला आणि पाथर्डी फाट्यालाही. एजंट तर फोनवरच चाचपून घेतो. फॅमिली आहे का, नोकरी अंबडला की सातपूरला, पेट नाही ना? शेवटच्या प्रश्नाला ‘आहे’ म्हटलं की ‘बघतो, सांगतो’ म्हणून फोन बंद. त्यातून समज रूढ झाला तो असा की घरमालक बिचारे तयार असतात, आडवी येते ती सोसायटी. गंमत म्हणजे प्राणिप्रेमी मंडळींनाही हा समज मान्य आहे. सोसायटीशी भांडायला ते भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या परिपत्रकाची प्रत मोबाइलमध्ये तयार ठेवतात. माझ्या मते भांडण खरं असलं तरी त्याचा पत्ता चुकलेला आहे.

पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. सहकारी सोसायटीचे उपविधी म्हणजे सभासदांनी आपसांत केलेला करार, ही भूमिका न्यायालयांनी वेळोवेळी घेतली आहे. २००५ साली झोरोॲस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फक्त पारशांनाच सभासद करून घेणारा उपविधीसुद्धा उचलून धरला. समाज पाहून दार बंद ठेवता येत असेल, तर तिथे कुत्र्याची काय कथा, असं कुणी विचारलं तर त्याला वेड्यात काढता येत नाही.

पण तो वाद सभासदत्वाचा होता, आणि नोंदणी झालेल्या उपविधीचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम १३ सांगतं की उपविधीतली दुरुस्ती नोंदली गेल्याशिवाय वैध होत नाही. लिफ्टशेजारच्या फलकावर सेक्रेटरीने चार टाचण्यांनी डकवलेला ‘पाळीव प्राण्यांस सक्त मनाई’ हा कागद म्हणजे उपविधी नव्हे. कमिटीच्या बैठकीत चहाबरोबर संमत झालेला ठरावही नव्हे. शिवाय केरळ उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये पुढचं पाऊल टाकलं आणि रहिवाशांना प्राणी पाळायला सरसकट बंदी करणारी कलमंच बेकायदा ठरवली. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २६ फेब्रुवारी २०१५ चं परिपत्रक तर बहुमताच्या ठरावानेही अशी बंदी घालता येत नाही, असं स्पष्ट बजावतं. केरळचा निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही आणि मंडळाचं काम मुख्यतः सल्ला देण्याचं आहे, हेही मान्य. तरीही सोसायटीच्या बाजूचं पारडं हलकंच राहतं.

मग घर का मिळत नाही? इथे नैयायिकांचा जुना अन्वय-व्यतिरेक लावून पाहावा. नकाराचं कारण सोसायटी असेल, तर जिथे सोसायटी नाही तिथे नकार असता कामा नये. नाशिक ही परीक्षा घ्यायला फार सोयीचं शहर आहे. सिडकोत आणि पाथर्डी फाट्याकडे रो-हाऊसच्या रांगाच्या रांगा आहेत. वर मालक, खाली भाडेकरू. चेअरमन नाही, सेक्रेटरी नाही, लिफ्टही नाही. भाडं परवडणारं असतं ते बहुधा याच घरांचं, आणि ‘कुत्रं नको’ हे तिथेही तेवढ्याच सहज ऐकायला मिळतं. उलट बाजूही तपासावी. ज्या इमारतीत भाडेकरूला सोसायटीचं नाव सांगून वाटेला लावलं जातं, तिथेच चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमालकाचं लॅब्राडोर सकाळ-संध्याकाळ त्याच लिफ्टमधून खाली येत असतं. त्याला कुणी उपविधी दाखवत नाही. सोसायटी असून प्राणी आहे आणि सोसायटी नसून नकार आहे. असं असताना सोसायटीला कारण म्हणणं तर्काला धरून नाही.

नकार मालकाचा असतो. तो स्वतःच्या तोंडाने द्यायला आपल्याकडे संकोच वाटतो, म्हणून सोसायटीला पुढे केलं जातं. आणि इथे २०१५ चं परिपत्रक खिशात असून कामाला येत नाही, कारण त्याचा मुख्य रोख रहिवासी संघटनांवर आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार हा भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ मधल्या कलम ५२ च्या अर्थाने केवळ परवाना. घरात त्याने कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. तो कुणाला द्यायचा आणि कोणत्या अटींवर, हे मालक ठरवतो. सोसायटीविरुद्धचा खटला जिंकलेल्या भाडेकरूलाही मालक शांतपणे ‘नको’ म्हणू शकतो.

तेव्हा समजूत घालायची ती मालकाची, आणि तीही त्याच्या हिशोबाने. त्याची भीती खोटी नाही. लॅमिनेटचा दरवाजा खालून वीतभर ओरबाडला जातो, खिडकीच्या जाळीला मांजर भोक पाडतं, कोपऱ्यातला वास रंग दिल्याशिवाय जात नाही. पण हे सगळं मोजता येणारं नुकसान आहे आणि डिपॉझिट त्यासाठीच असतं. या नुकसानासमोर रिकामा फ्लॅट ठेवून पाहावा. दोन महिने कुलूप राहिलं तर दोन महिन्यांचं भाडं कायमचं गेलं, मेंटेनन्स भरावा लागला तो वेगळाच. जाळी आणि दरवाजा एवढ्याला पडत नाहीत. शिवाय ज्याला दुसरं घर मिळायची मारामार आहे तो अकरा महिन्यांनी सहजासहजी सोडून जात नाही. दर नव्या भाडेकरूमागे दलाली घेणाऱ्या एजंटला हे सांगायचं काही कारण नाही, आणि तो सांगतही नाही.

प्राण्यासाठी महिन्याचं भाडंच वाढवून मागण्याची रीत मात्र मला अमान्य आहे. वाढीव डिपॉझिट समजू शकतो, कारण नुकसान झालं नाही तर ते परत मिळतं. वाढीव भाडं म्हणजे न ओरबाडलेल्या दरवाजाचा दंड.

मालकाची समजूत घालायची म्हटली की एजंटचा एक सल्ला आपोआप बाद होतो. ‘आत्ता बोलू नका, राहायला गेल्यावर हळूच आणा.’ महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली लेखी करारात नमूद केलेली गोष्ट निर्णायक पुरावा धरली जाते. त्यामुळे ‘प्राणी पाळणार नाही’ या छापील अटीखाली सही केली की मालकाने जिन्यात म्हटलेल्या ‘आणा हो, बघू’चा काही उपयोग उरत नाही. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाचीच असते. तो ऑनलाइन नोंदवताना एक परिच्छेद वाढवायला वेगळा खर्च नाही. प्राणी कोणता व किती वर्षांचा, रेबीजची लस कधी टोचली, महापालिकेचा परवाना आहे का, बाल्कनीत त्याला एकट्याला कोंडून ठेवणार नाही, घर सोडताना जाळी, दरवाजा आणि एका खोलीचा रंग डिपॉझिटमधून वळता होईल, एवढं त्यात यावं. हा परिच्छेद आधीच टाइप करून नेला, तर मालकाला सोसायटीचं नाव सांगायला जागा राहत नाही. त्याला रंगाच्या खर्चावर बोलावं लागतं.