खानदेशातील जन्ममृत्यूची वही

गिरणाकाठच्या भडगाव पेट्यात एखाद्या वृद्धास वय विचारले, तर पूर्वी उत्तर आकड्यांत मिळत नसे. कोणी प्लेगच्या वर्षाची खूण सांगे, कोणी संवत् १९५६ च्या, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० च्या दुष्काळाची. वास्तविक त्याही काळी गावात जन्ममृत्यूची सरकारी वही होती. वही असता वय अज्ञात का राहावे, या एका प्रश्नात त्या वहीचा बहुतेक इतिहास साठविलेला आहे.

ही वही ठेवण्याची जबाबदारी पोलीस पाटलाची असे. गावात कोणाच्या घरी मूल झाले, कोण वारले, याची वर्दी कोतवालाने द्यावी आणि पाटलाच्या वतीने बहुधा कुलकर्ण्याने ती लिहून काढावी, असा परिपाठ होता. महिन्याचा गोषवारा तालुक्यास जाई व तेथून वरच्या कचेरीत पोचे. पटकी, देवी, ताप, हगवण अशी मृत्यूच्या कारणांची मोजकी सदरे असत. वैद्य जवळ नसल्यामुळे ज्या रोगाचे नाव कळत नसे, तो सारा 'ताप' या सदरात जाई.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही वही माणसांसाठी नव्हती. ती संख्येसाठी होती. साथ कोठे पसरत आहे व देवी काढणाऱ्याने कोणत्या गावी जावे, एवढे सरकारास हवे होते. मूल कोणाचे, मुलगा की मुलगी, हे लिहिले की काम भागे. मुलाचे नाव बाराव्या दिवशी ठेवावयाचे आणि वर्दी त्यापूर्वीच गेलेली. सबब नाव राहून जाई. १८८६ साली जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा झाला खरा, परंतु तो ऐच्छिक स्वरूपाचा होता. खेड्यांतील नोंद मुख्यतः सरकारी हुकुमांवरच चाले.

संख्येच्या कामीही ही वही पुरी पडली नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत नोंद करणारेच अंथरुणास खिळले. आरंभी देशातील मृत्यूंचा सरकारी अंदाज सुमारे साठ लक्षांचा होता. १९२१ च्या खानेसुमारीनंतर तो एक कोटीच्या बराच वर गेला. लक्षावधी माणसे नाहीशी झाली आणि त्यांच्या मरणाची ओळही कोठे उमटली नाही.

पुढे व्यक्तीच्या वयालाच कायद्यात महत्त्व आले. संमतिवयाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या सर मोरोपंत जोशी यांच्या समितीस १९२९ साली जन्मनोंदीच्या सुधारणेचा आग्रह धरावा लागला. मुलीचे वय चौदा हवे असा शारदा कायदा १९३० च्या एप्रिलपासून अमलात आला; पण ते चौदा आहे की अकरा, हे सिद्ध कशाने करावयाचे? १९४६ च्या भोर समितीनेही या नोंदींच्या अपुरेपणावर बोट ठेवले.

दरम्यान ही उणीव शाळेने आपल्या पद्धतीने भरून काढली. बाप मुलाला घेऊन येई, जन्मतारीख त्यास सांगता येत नसे, आणि शाळा तर जूनमध्ये उघडे. मग मुख्याध्यापक अंदाजाने वर्ष ठरवीत व तारीख लिहीत १ जून. महाराष्ट्रात असंख्य लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, याचे मूळ या सोयीत आहे. नोकरी, निवृत्ती आणि पेन्शन ही सारी पुढे त्याच कल्पित तारखेवर उभी राहिली.

स्वतंत्र भारतात १९६९ चा कायदा झाला आणि महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. नोंद सक्तीची झाली; वर्दीस एकवीस दिवसांची मुदत मिळाली; नाव मागाहून घालण्याची सोय झाली. तरी अडचणी उरल्याच. नोंद घटना घडेल त्या गावी होते आणि पहिले बाळंतपण बहुधा माहेरी. त्यामुळे सासरचे लोक भडगावात दाखला शोधतात व तो निघतो भलत्याच तालुक्यात. स्त्रीच्या मृत्यूची नोंद तर अधिकच वेळा राहून जाते. जमीन तिच्या नावे नसली, की वारसासाठी तिचा दाखला मागण्याचे कारण कोणास पडत नाही.

२०२३ साली या वह्यांना पुन्हा भाव आला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामात कुणबी नोंदींच्या शोधासाठी गावोगावची जुनी दप्तरे उघडली गेली आणि मोडी अक्षर वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या कोतवाल बुकात मुलाचे नावही लिहिले नव्हते, त्यातील जातीचा एक शब्द नातवंडांच्या भवितव्याचा आधार ठरू लागला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून कायद्यात दुरुस्ती अमलात आली. त्या दिवसापासून जन्मणाऱ्यांस शाळाप्रवेश, मतदारयादी, विवाहनोंदणी व सरकारी नोकरी यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच मानला जावयाचा आहे.

म्हणजे १ जूनची पळवाट आता बंद झाली. हे इष्टच होय. परंतु ज्याची नोंद चुकेल, त्याची हानीही पूर्वीपेक्षा मोठी होईल. एक वर्ष उलटून गेल्यावर दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून नोंद होत नाही, आणि मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबास तो खेटा परवडत नाही. जुनी वही चुकली तेव्हा सरकारचा हिशेब चुकला. नवी वही चुकली तर एका मुलाचे आयुष्य अडेल. म्हणून पाळण्यात घातलेले नाव त्याच महिन्यात वहीतही घालणे, हा बारशाइतकाच आवश्यक संस्कार समजला पाहिजे.