पॉइंट आणि मुक्काम : परभणीच्या डोंगरांतून सात दिवस

मराठवाड्यातील महाविद्यालयांत मराठी विभागाची सहल ठरू लागली की कागदावर पहिले नाव बहुधा महाबळेश्वराचे पडते. दोन दिवस येण्याजाण्यात जातात, उरलेले एकामागून एक पॉइंट पाहण्यात. परभणी जिल्ह्याला स्वतःचे डोंगर आहेत, हे मात्र शालेय भूगोलातील एका वाक्यापलीकडे कोणाच्या ध्यानात राहत नाही. उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेचे फाटे, दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाट, आणि या दोहोंमध्ये गोदावरी, दुधना, पूर्णा या नद्यांचे काळे रान. या टेकड्या उंच नाहीत, दऱ्या खोल नाहीत, धुके क्वचितच. त्यामुळे ‘निसर्गरम्य’ हे विशेषण त्यांच्या वाट्याला आले नाही. या डोंगरांतून आठवडाभराचा प्रवास आखायचा झाल्यास कसा आखावा, हा प्रश्न वरवर पर्यटनाचा वाटतो. तो वस्तुतः वाङ्मयेतिहासाचा आहे, असे मला वाटते.

‘रम्य डोंगर’ ही आपली कल्पना फार जुनी नाही. महाबळेश्वराची गिरिस्थान म्हणून उभारणी माल्कमच्या कारकिर्दीत, १८२८च्या सुमारास सुरू झाली. माथेरान मॅलेट या जिल्हाधिकाऱ्याच्या नजरेस पडले ते १८५० साली. उन्हाने हैराण झालेल्या गोऱ्या अंमलदारांना थंड हवा हवी होती आणि संध्याकाळी घोड्यावरून जाऊन पाहण्यासाठी एखादे दृश्य. त्यातून ‘पॉइंट’ जन्मला : डोंगराच्या कडेवरची अशी जागा, जिथे उभे राहून दुसरीकडे पाहायचे असते. त्या जागेला स्वतःचा इतिहास असण्याची गरज नसते. नाव गव्हर्नराचे दिले तरी भागते. याच महाबळेश्वरी कृष्णेच्या उगमाशी त्याआधी शतकानुशतके यात्रेकरू येत होते, पण ते काही पाहून परतण्यासाठी नव्हे, तर तिथे राहण्यासाठी येत. त्यांचे एकक होते मुक्काम.

परभणीच्या डोंगरांना पॉइंट मिळाले नाहीत. मुक्काम मात्र भरपूर मिळाले.

‘बालाघाट’ हे नावच पाहा. ‘बाला’ हा फार्सी शब्द, अर्थ ‘वरचा’. घाटाच्या वरचा तो बालाघाट, खालचा तो पाईनघाट. वऱ्हाडातही हीच जोडी रूढ होती आणि तिथे अजिंठ्याच्या रांगेवरच्या मुलखाला बालाघाट म्हणत. म्हणजे हे नाव डोंगराकडे दुरून पाहणाऱ्याने दिलेले नाही; घाट चढून वर आलेल्या आणि तिथल्या जमिनीचा महसूल मोजणाऱ्या माणसाचे ते नाव आहे. मोगलांनी १५९६ साली वऱ्हाड घेतल्यानंतर ‘आईन-इ-अकबरी’त या सुभ्याच्या सरकारांची जी यादी आली, तीत पाथरी आहे. आज तालुक्याचे गाव असलेले हे पाथरी त्याआधी निजामशाही आणि इमादशाही यांच्या भांडणाचे कारण होते. बहमनी दरबारात चढलेला मलिक हसन मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, त्याचा मुलगा अहमदनगरच्या गादीचा संस्थापक. पूर्वजांचे गाव म्हणून बुऱ्हाण निजामशहाने १५१८ साली पाथरी जिंकून घेतली. गावाची ओढ राजकारणालाही कशी वळण देते, याचे याहून नेमके उदाहरण मला तरी या भागात दुसरे आठवत नाही.

प्रवासाच्या आखणीचा आपल्या भाषेतला सर्वात जुना दस्तऐवज मात्र राजदरबारातला नाही. तो महानुभावांचा आहे. चक्रधरांनी शिष्यांना अटन सांगितले : एका जागी राहू नये, ओळखीच्या गावात गुंतू नये. पुढचा मुक्काम ठरवून ठेवणे हे या उपदेशाच्या उलट. पण स्वामी गेल्यानंतर त्यांच्या अनुयायांनी काय केले? म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, आणि चौदाव्या शतकात मुनिव्यासांच्या नावे प्रसिद्ध असलेली ‘स्थानपोथी’ तयार झाली. स्वामी कोणत्या गावी राहिले, गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ, त्याचे दार कोणीकडे, नदी कोणत्या बाजूस, बसण्याची जागा नेमकी कुठे, एवढेच ती सांगते. वर्णन जवळजवळ नाही. सौंदर्यवाचक विशेषणांची तर वानवाच आहे. आणि तरीही ती पोथी हातात धरून माणसाला त्या जागी उभे राहता यावे, इतकी ती अचूक असण्याचा प्रयत्न करते. ‘ठरवू नका’ असे सांगणाऱ्या गुरूच्या आठवणीतून मराठीतली एवढी काटेकोर मार्गदर्शिका निर्माण व्हावी, हा विरोध वि. भि. कोलते यांनी संपादून दिलेले हे ग्रंथ शिकवताना वर्गात सांगितलाच पाहिजे.

दुसरी आखणी आजही दरवर्षी होते. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई या वाटेने जाते. तिचा तारीखवार कार्यक्रम आधी प्रसिद्ध होतो : अमुक दिवशी अमुक गावी रात्रीचा मुक्काम. महिन्याहून अधिक दिवसांची ही पदयात्रा उत्तरेत अजिंठ्याच्या रांगेचा घाट उतरते आणि गंगाखेडानंतर बालाघाट चढते. परभणीचे दोन्ही डोंगर एका सलग प्रवासात जोडणारी ही जिवंत वाट आहे, आणि आपल्या सात दिवसांना तिचाच कणा घ्यावा, हे उत्तम.

वेळ मात्र पालखीची घेऊ नये. वाहनाने जाणाऱ्याने दसऱ्यानंतर निघावे. पावसाळ्यात काळ्या रानातली आडवाट वाहनाला गिळते. टेकडीचा मुरूम तेवढा पाय धरू देतो. शिवाय आश्विन-कार्तिकात बालाघाटावर सीताफळे उतरतात.

पहिल्या दिवशी परभणीहून चाळीसेक किलोमीटरवरील गंगाखेड. परंपरेनुसार जनाबाई इथली. लहानपणीच ती पंढरपुरास दामाशेटीच्या घरी गेली आणि पुढे नामदेवाची दासी अशीच तिने आपली नाममुद्रा केली. विद्यार्थ्यांना तिचे दळणकांडण पाठ असते, पण तिच्या आयुष्यातला पहिला लांबचा प्रवास एका कष्टकरी घरातल्या मुलीला परक्या घरी पोचवणारा प्रवास होता, हे गोदावरीच्या काठावर उभे राहिल्याशिवाय जाणवत नाही. त्याच तालुक्यात धारासूरला गुप्तेश्वराचे देऊळ आहे. कोरीव कामासाठी तिथे संध्याकाळपर्यंतचा वेळ राखून ठेवावा. दुसऱ्या दिवशी घाट चढून परळी.

तिसरा आणि चौथा दिवस अंबाजोगाईला द्यावा. जिल्हा ओलांडला जातो, पण डोंगर जिल्हा ओळखत नाही. ‘विवेकसिंधू’कार मुकुंदराजांची समाधी इथल्या डोंगरात दाखवतात, शके १११० ही त्या ग्रंथाची परंपरागत तिथी धरली तर मराठी काव्याचा एक आरंभ याच कडेवर येतो. (तिथीवरचा वाद सहलीत काढू नये, दोन दिवस पुरणार नाहीत.) दासोपंत, १५५१ ते १६१५, हेही इथलेच. सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ लिहून झाल्यावरही ज्याची लेखणी थांबली नाही आणि ज्याने पंचीकरणाचा विषय पासोडीवर, म्हणजे पांघरायच्या कापडावर, चित्रांसह उतरवला, अशा कवीला एकाच अभ्यासक्रमात एका ओळीत उरकणे आपल्याला कसे जमते, कोण जाणे.

पाचवा दिवस प्रवासाचा. परळीवरून सोनपेठ, पाथरी, सेलू करत जिंतूर. वाटेवर मुदगलला गोदेच्या पात्रातले देऊळ थोडा वेळ मागते. सातोना हे बी. रघुनाथांचे जन्मगाव. १९१३ ते १९५३ असे अवघे चाळीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या कवी-कादंबरीकाराने नोकरी केली ती परभणीत, निजामाच्या बांधकाम खात्यात, कारकून म्हणून. रस्ते आणि पूल ज्या दफ्तरात नोंदले जात, तिथे बसून ‘आडगावचे चौधरी’ लिहिणारा माणूस लेखनिक होता, ही गोष्ट या वाटेवर गाडी थांबवून सांगण्यासारखी आहे.

सहाव्या दिवशी नेमगिरी आणि चारठाणा. नेमगिरीच्या टेकडीत जैन लेणी आहेत; तिथली अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणून ओळखली जाणारी मूर्ती भाविकांना दूरदूरहून आणते. चातुर्मासात एका जागी राहायचे आणि एरवी चालत राहायचे, हा जैन मुनींचा दंडक इथे चक्रधरांच्या अटनाशेजारी ठेवून पाहावा. चारठाण्याची जुनी देवळे आणि तिथला उंच स्तंभ पाहायला गावातूनच वाट आहे. ज्यांच्याकडे आठवा दिवस असेल त्यांनी तिथून लोणार गाठावे. चक्रधर तिथे राहिले होते.

सातव्या दिवशी पूर्णेवरचे येलदरी धरण. १९६८पासून खोऱ्यातले जुने रस्ते आणि काही वस्त्या या पाण्याखाली आहेत, त्यामुळे जलाशय पाहताना इथली एखादी जुनी वाट कुठवर येत असेल, एवढा विचार अवश्य करावा. तिथून औंढा नागनाथ. नामदेव आणि विसोबा खेचर यांची भेट इथली. १ मे १९९९पासून औंढा आणि नरसी हिंगोली जिल्ह्यात आहेत, आणि तेव्हापासून जिल्हावार लिहिलेल्या पुस्तिकांत नामदेव एकीकडे व जनाबाई दुसरीकडे पडले. औंढ्याला देवळाच्या पश्चिमेस जाऊन उभे राहावे. नामदेवाला कीर्तनासाठी मागच्या बाजूस पाठवले तेव्हा देऊळच फिरले, अशी कथा लोक सांगतात. विद्यार्थ्यांना वही काढायला सांगावी आणि स्थानपोथीच्या रीतीने चारच गोष्टी लिहून घ्याव्यात : दार कोणीकडे, डोंगर कोणीकडे, पाणी कोणीकडे, आणि आपण कुठे बसलो. संध्याकाळपर्यंत परभणीला परतता येते.