आगीवर चालणारे शीतकपाट आणि त्याची न उघडणारी नळी

पंढरपूर तालुक्यातील करकंब हे द्राक्षपट्ट्यातले गाव. त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या संत निवृत्तिनाथांच्या पालखीच्या वाटेवर ते येते. पावसाळ्यापूर्वीचे कोरडे महिने हा या पट्ट्यात बेदाण्याचा हंगाम असतो. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवलेले द्राक्षघड शेडमधील जाळीच्या रॅकवर पसरले जातात, कोरड्या वाऱ्याने सुमारे दोन आठवड्यांत त्यांचा बेदाणा होतो आणि रंग टिकावा म्हणून तो शीतगृहात जातो. माल एकच, पण त्याला आधी ऊन लागते आणि मग थंडी. अशा मोठ्या शीतगृहांत थंडी निर्माण करण्याचे काम बहुधा अमोनिया करतो. विजेची मोटर कॉम्प्रेसर फिरवते, कॉम्प्रेसर अमोनिया दाबतो आणि थंडीचे चक्र चालू राहते.

याच अमोनियाचे एक दुसरे घराणे आहे. त्यात मोटर नाही, कॉम्प्रेसर नाही, फिरणारा एकही भाग नाही. खाली एक लहानशी ज्योत जळते आणि वर बर्फ जमतो. एके काळी वीज न पोहोचलेल्या बंगल्यांत, चहामळ्यांत आणि जगभरच्या आरोग्यकेंद्रांत रॉकेलवर चालणारी अशी शीतकपाटे होती. आज या घराण्याचा मोठा आसरा म्हणजे मोटारहोम, अर्थात चाकांवरचे घर. आणि या फिरत्या घरातील शीतकपाट बंद पडले की मालकाला एक विचित्र उत्तर ऐकावे लागते : बिघाड शोधून दुरुस्त करण्यासारखे काही नाही, मागचे संपूर्ण कूलिंग युनिटच काढून नवे बसवावे लागेल. हे उत्तर विक्रेत्याच्या लबाडीतून आलेले नाही. त्याचे मूळ शंभर वर्षांपूर्वी स्टॉकहोममध्ये घेतलेल्या एका निर्णयात आहे.

मात्र सुरुवात त्याहून जुनी आहे. १८२० च्या दशकात लंडनमध्ये मायकेल फॅरेडे वायूंचे द्रवात रूपांतर करण्याचे प्रयोग करीत होता. सिल्व्हर क्लोराइडची पूड अमोनिया मोठ्या प्रमाणात शोषून घेते. फॅरेडेने अशी पूड वाकड्या, दोन्ही टोके बंद केलेल्या काचनळीत ठेवली, एक टोक तापवले आणि दुसरे थंड पाण्यात ठेवले. पुडीतून सुटलेला अमोनिया दुसऱ्या टोकाशी द्रव होऊन साचला. नंतर उष्णता काढून घेतली तेव्हा तो द्रव पुन्हा उकळू लागला, पूड त्याला परत शोषू लागली आणि उकळणारे टोक गार पडले. आगीने सुरू झालेली क्रिया थंडीवर संपू शकते, हे त्या बंद नळीत दिसून आले.

फ्रान्सच्या फर्दिनांद कारे याने १८५९ मध्ये या तत्त्वाचे पेटंट घेतले तेव्हा पुडीची जागा पाण्याने घेतली होती. अमोनियाला पाण्याची ओढ विलक्षण असते; पाणी तापवले की तो सुटतो, पाणी निवले की त्यात पुन्हा शिरतो. १८६२ च्या लंडन प्रदर्शनात कारेच्या यंत्राने बर्फ करून दाखवला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेकडून दक्षिणेत येणारा नैसर्गिक बर्फ बंद झाला, तेव्हा नौदलाची नाकेबंदी चुकवून ही यंत्रे दक्षिणेत उतरवली गेली. त्या काळात मुंबईचा बर्फही अमेरिकेच्या गोठलेल्या तळ्यांतून जहाजाने येत असे. जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३४ मध्ये मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमान व पाहुण्यांना पडसे झाले, तेव्हा ‘मुंबई समाचार’ने ती परदेशी चैनीची शिक्षाच मानली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. थंडी ही जहाजाने आणण्याची वस्तू नसून जागच्या जागी निर्माण करण्याची वस्तू आहे, हा बदल कारेच्या पिढीने घडवला.

कारेच्या यंत्रात एक उणीव राहिली होती. एका भागात दाब जास्त, दुसऱ्यात कमी. म्हणून अमोनिया शोषलेले द्रावण जास्त दाबाकडे परत ढकलायला पंप हवा. पंप आला की सांधा आला, सांधा आला की गळती आली. घरगुती शीतकपाटांच्या आरंभकाळात ही गळती जीवघेणी होती. अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे विषारी वायू त्यांत वापरले जात. बर्लिनमधील एक कुटुंब शीतकपाटातून सुटलेल्या वायूने झोपेतच मरण पावल्याची बातमी आल्बर्ट आइन्स्टाइनच्या वाचनात आली आणि त्याने लिओ झिलार्डबरोबर फिरते भाग नसलेली शीतकपाटे रचायला घेतली. ११ नोव्हेंबर १९३० रोजी त्या दोघांना अमेरिकी पेटंट मिळाले. सापेक्षतावादाच्या जनकाने काही वर्षे स्वयंपाकघरातील कपाटाचा असा गंभीरपणे विचार केला होता, हे अनेकांना ठाऊक नसते.

बाजार मात्र आधीच दुसऱ्या जोडीने जिंकला होता. स्टॉकहोमच्या तंत्रशिक्षण संस्थेतील बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये पंपाची गरजच संपवली. त्यांनी नळीत अमोनिया आणि पाणी यांच्या जोडीला तिसरा पदार्थ घातला : हायड्रोजन.

हायड्रोजनचे काम समजून घ्यायला प्रयोगशाळेपेक्षा माठ अधिक उपयोगी. सोलापूरच्या चैत्र-वैशाखात माठातले पाणी गार होते, कारण बाहेरचा वारा कोरडा असतो. पाणी उकळत नाही, तरी त्या कोरड्या हवेत उडून जाते आणि जाताना उष्णता नेते. श्रावणात हवाच ओली झाली की तोच माठ रुसतो. प्लाटेन-मुंटर्स यांच्या नळीत द्रव अमोनियाला हायड्रोजन भेटतो, तो माठाला भेटणाऱ्या कोरड्या वाऱ्यासारखा. एकूण दाब सगळीकडे जवळजवळ सारखाच, पण हायड्रोजनच्या सहवासात अमोनियाच्या वाट्याचा दाब थोडाच. म्हणून तो झपाट्याने उडतो आणि कपाट गार करतो. पुढे पाणी अमोनियाला शोषून घेते, हायड्रोजनला शोषत नाही. तो मोकळा होऊन परत वर जातो. खालच्या बॉयलरमध्ये ज्योतीने द्रावण उकळते आणि अरुंद नळीतून वर चढणारे बुडबुडेच द्रवाला उचलून नेतात. बुडबुडा हाच पंप, बाकी सारे काम गुरुत्वाकर्षणाचे.

दाब सगळीकडे सारखा म्हणजे झडप नको, सांधा नको. संपूर्ण नळी जोडून, भरून, कायमची बंद करता आली. अमोनिया तांब्याला खातो, म्हणून ती पोलादाची केली. पोलाद आतून गंजू नये म्हणून द्रावणात सोडियम क्रोमेट घातले. १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने हा शोध विकत घेतला आणि त्याच वर्षी कपाटे बाजारात आणली. गळतीच्या भीतीवर हे त्या काळचे अत्यंत सुंदर उत्तर होते. पण जी नळी गळू नये म्हणून उघडता येणार नाही अशी केली, ती दुरुस्तीसाठीही उघडता येत नाही. आत वायुमंडलाच्या सुमारे वीसपट दाब, त्यात ज्वलनशील हायड्रोजन आणि श्वास कोंडणारा अमोनिया. त्या काळच्या गल्लीतल्या कारागिराच्या हाती हे सोपवण्याची कल्पनाच कोणी केली नसेल.

मग ही नळी बिघडते कशाने? येथे पुन्हा गुरुत्वाकर्षण येते. द्रव आपल्या वजनाने उतरत असल्याने कपाट समपातळीत उभे असावे लागते. घरात ते एकदा पाणसळ लावून ठेवले की झाले. फिरते घर मात्र आज डोंगराच्या उतारावर, उद्या शेताच्या बांधाजवळ उभे राहते. धावत्या गाडीत हेलकाव्यांनी द्रव इकडेतिकडे होत राहतो आणि फारसे बिघडत नाही. खरा घात होतो तो कलत्या जागी तासन्तास उभे राहिल्याने. द्रावण एखाद्या वळणात अडकते, बॉयलर कोरडा पडू लागतो, ज्योत मात्र जळतच राहते. अतितापाने क्रोमेट विघटित होऊन त्याचे कण अरुंद नळीत बसतात. एकदा ती नळी बुजली की गाडी नंतर कितीही समपातळीत आणली तरी उपयोग नसतो. दुसरा शेवट गळतीचा : कपाटात अमोनियाचा झोंबणारा वास आणि मागच्या नळीवर पिवळट डाग. तो पिवळा रंग क्रोमेटचा. बंद पडलेले कपाट काढून उलटे करून ठेवण्याचा एक जुना उपाय अनेक जण करतात. अडकलेला द्रव त्याने कधी मोकळा होतो, बुजलेली नळी मात्र कधीच नाही.

युनिट बदलणे हे काम यंत्रशास्त्रापेक्षा सुतारकामाला आणि वैद्यकीला अधिक जवळचे. गॅसचा कॉक बंद करून नळी सोडवतात, विजेच्या तारांवर खुणा करून त्या काढतात, आणि कपाट भिंतीतल्या कोनाड्यातून ओढून तोंडावर निजवतात. पाठीवर फेसाच्या थरात रुतलेले युनिट स्क्रू काढून, चिकटलेली कड कापून अलगद उचलले जाते. नव्या युनिटची थंड बाजू आतल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला अगदी बिलगली पाहिजे. मध्ये हवेची पोकळी राहिली तर युनिट थंड आणि कपाट कोमट, अशी फजिती होते. म्हणून उष्णतावाहक लेप लावतात आणि कडेच्या फटी फेसाने भरतात. जुना बर्नर आणि तापक साफ करून नव्या बॉयलरवर चढवतात, गॅसचे जोड साबणाच्या पाण्याने तपासतात. मग वाट पाहणे. कॉम्प्रेसरचे कपाट तासाभरात गार लागते. याला बहुधा रात्रभर द्यावी लागते. ज्या गाडीत तीच चूक, तोच कलता तळ किंवा मागे उष्णता कोंडणारा तोच बंद कोनाडा राहतो, तिथे नवे युनिटही जुन्याच वाटेने जाते.

युनिटे नव्याने बांधून देणाऱ्यांचा अमेरिकेतील एक ठिकाणा इतिहासप्रेमींनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. इंडियाना राज्याच्या उत्तरेला, मोटारहोमच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या एल्कहार्टच्या परिसरात आमिश पंथाची मोठी वस्ती आहे. धर्मनियमाने सार्वजनिक वीज नाकारणाऱ्या या लोकांच्या घरांत गॅसवरची शीतकपाटे सर्रास चालतात. साहजिकच त्यांच्या कार्यशाळांत जुनी युनिटे रिकामी करून, जाड नळ्या जोडून, पुन्हा भरण्याचे कौशल्य रुजले. विजेला नकार देणाऱ्या समाजाने सुट्टीवर निघालेल्यांचे दूध गार ठेवावे, ही योजना कोणत्याही धोरणकर्त्याला सुचली नसती. कारखान्यातील बॉयलरच्या नळीचेही सारे आलबेल नव्हते : २००६ मध्ये डोमेटिकला अमेरिकेत सुमारे नऊ लाख शीतकपाटे दुरुस्तीसाठी परत मागवावी लागली, कारण बॉयलरच्या नळीला तडा जाऊन आगीचा धोका होता.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून या जुन्या नळीचा प्रश्न आपल्या मातीवर आला आहे. शोषण पद्धतीचे कपाट आपली उष्णता बाहेरच्या हवेत टाकूनच जगते. हवाच तापली की ते हतबल होते. उष्ण प्रदेशासाठी ठरवलेल्या वर्गाची मर्यादाही ४३ अंश सेल्सिअसची. करकंबच्या शिवारात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर सहज जातो, आणि उन्हात तापलेल्या पत्र्याच्या गाडीत कपाटामागील हवा त्याहूनही तापते. जी कोरडी उष्णता बेदाण्याला तारते तीच या युनिटला मारते. ज्या स्वीडिश हिवाळ्याने ते घडवले, त्यात हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. बारा व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर, छतावरचे सौरपटल आणि लिथियम बॅटरी ही जोडी आता स्वस्त झाली आहे. म्हणून अनेक ठिकाणी जळके युनिट काढून त्या जागी कॉम्प्रेसरचेच युनिट बसवले जाते. इथल्या उन्हाळ्यात हा निर्णय शहाणपणाचा. मात्र दोन-तीन दिवस ढगांखाली, चार्जिंगची सोय नसलेल्या माळावर राहायचे असेल, तर निःशब्द ज्योतीला अजूनही तोड नाही.

काढलेल्या जुन्या युनिटचे काय, हा प्रश्न बहुतेकांना शेवटी पडतो. ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकून चालत नाही. त्यात अजून दाब असू शकतो, आणि सोडियम क्रोमेटमधील क्रोमियम कर्करोगकारक मानले जाते. भंगाराच्या वखारीत छिन्नी लावली की फॅरेडेच्या बंद नळीचा हा वारसा एका क्षणात उघडा पडतो. म्हणून युनिट न कापता ते प्रशिक्षित शीतयंत्र-कारागिराकडे किंवा घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावे लागते.