शाळकरी आणि शीळकरी

हातखंब्याच्या तिठ्यावर आवाजांना तोटा नाही. मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता इथेच येऊन मिळतो. पण पालीहून कोल्हापूरचा रस्ता धरावा, नाणीज, साखरपा मागे टाकावं आणि पावसाळ्यातल्या एखाद्या पहाटे, नीट उजाडायच्या आत, आंबा घाटात गाडी बंद करून उभं राहावं. खालच्या पऱ्यावर कुणीतरी शीळ घालत असतं. सूर चढतो, उतरतो, मध्येच भरकटतो. गाणं म्हणावं तर चाल सापडत नाही. नवखा माणूस हमखास वळून बघतो : एवढ्या पावसात कुणाचं पोर उंडारतंय?

हा शीळकरी कस्तूर. साधारण साळुंकीएवढा, निळसर काळ्या अंगाचा. कपाळावर आणि खांद्यावर मात्र चकचकीत निळाई. ओल्या खडकांवरचे किडे, गोगलगायी, लहान खेकडे हे त्याचं खाणं, वर रानफळं. पाण्याजवळच्या कपारीत शेवाळाचं आणि मुळ्यांचं घरटं. पावसाळा हा त्याच्या विणीचा काळ, म्हणून शीळही तेव्हाच जास्त.

त्याचं शास्त्रीय नाव मायोफोनस हॉर्सफील्डी. त्यातला ‘फोन’ दिसला की वाटतं, शास्त्रज्ञांनीही शीळ ऐकली असावी. तसं नाही. ग्रीकमध्ये आवाजाचा ‘फोने’ वेगळा आणि वधाचा ‘फोनोस’ वेगळा. ‘मुइया’ म्हणजे माशी. तेव्हा डच पक्षिशास्त्रज्ञ टेमिंकने १८२२ मध्ये या वंशाला दिलेल्या नावाचा अर्थ निघतो ‘माश्यांचा मारेकरी’.

उरलेलं अर्धं नाव एका माणसाचं. थॉमस हॉर्सफील्ड मूळचा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा. जावा बेटावर कित्येक वर्षं वनस्पती आणि प्राणी गोळा करून तो लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या संग्रहालयात आला. लंडनच्याच प्राणिशास्त्रीय संस्थेचा पहिला सचिव निकोलस व्हिगर्स, आणि हॉर्सफील्ड त्याचा साहाय्यक. १८३१ मध्ये व्हिगर्सने सह्याद्रीतल्या या पक्ष्याला आपल्या सहकाऱ्याचं नाव दिलं. लंडनमध्ये पेटीतल्या कातड्यावरून रंग कळतो, चोचीचं माप घेता येतं. शीळ काही ऐकू येत नाही.

ज्यांनी ती ऐकली, त्यांची नावं निराळी. मल्याळममध्ये तो ‘चूळक्काक्का’, म्हणजे शिट्टी मारणारा कावळा. डोंगरात राहिलेल्या इंग्रजांनी त्याला ‘व्हिसलिंग स्कूलबॉय’ केलं, कुणी ‘आयडल स्कूलबॉय’. शाळा बुडवून रमतगमत चाललेलं, काम ना धंदा असं पोर. या नावात शिळेबद्दल थोडी तक्रार आहेच. आपल्याकडेही दिवेलागणीला पोराने शीळ घातली की आजी दटावते : साप येतो.

मराठी नावाने मात्र तक्रार ठेवली नाही. ‘करी’ हा आपला प्रत्यय कामाला लागलेल्या माणसाचा. शेतकरी, वारकरी, टाळकरी. ज्याने एखादी गोष्ट अंगावर घेतली आणि नेमाने निभावली, तो तिचा ‘करी’. शीळ हेच ज्याचं काम, तो शीळकरी. इंग्रजांना जो शाळकरी वाटला, तो मराठीत शीळकरी झाला. काना गेला, वेलांटी आली आणि उनाड पोराला व्यवसाय मिळाला.

‘कस्तूर’ हा शब्द हिंदीतल्या ‘कस्तूरा’चा भाऊ. इंग्रजीत ज्यांना ‘थ्रश’ म्हणतात, त्या गाणाऱ्या पक्ष्यांना आपण तो लावतो. बांधा आणि वावर पाहून शीळकऱ्यालाही त्याच घराण्यात बसवलं होतं. पुढे जनुकांच्या अभ्यासाने हे नातं मोडलं. आता त्याची गणना थ्रशांच्या नव्हे, माशीमारांच्या कुळात होते. टेमिंकचा ‘माश्यांचा मारेकरी’ असा नकळत माशीमारांच्याच घरी पोचला आणि ‘कस्तूर’ हे आडनाव तेवढं जुन्या घराचं राहिलं.

या शिळेपायी त्याने पिंजराही भोगला. ऐकलेली अख्खी चाल तो उचलतो, म्हणून एके काळी लोक त्याला हौसेने पाळत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानातला पक्षी असा धरून ठेवणं गुन्हा आहे.

दोनशे वर्षांत त्याचं घराणं बदललं. हॉर्सफील्ड कोण, हे सांगावं लागतं. नुसत्या कानाने दिलेलं ‘शीळकरी’ तेवढं कुणाला दुरुस्त करावं लागलेलं नाही.